टाकीआडचं ग्रहण

जून महिन्यात सूर्य जिथे मावळतो तिथेच तो दिवाळीतही मावळेल, असं धरून मी आमच्या सेक्टरमधल्या लोकांना सूर्यग्रहण बघायला गच्चीवर बोलावलं.

चूक एवढीच. एखाद्या पाचवीतल्या मुलाने केली असती तर बाईंनी त्याला बाकावर उभं केलं असतं आणि विषय मिटला असता. पण मी पडलो हौशी आकाशनिरीक्षक. जयपूरच्या जवाहर नगरात मला 'तारेवाले अंकल' म्हणतात. उत्तरायण आणि दक्षिणायन मी आजवर फळ्यावर खडूने, टेबलावर संत्र्याने आणि एकदा तर एका लग्नाच्या जेवणात गुलाबजामने समजावून सांगितलेलं आहे. त्या गुलाबजामची शपथ घेऊन सांगतो, सूर्य वर्षभर क्षितिजावर सरकत असतो हे मला ठाऊक होतं. फक्त ते ज्ञान लोकांसाठी होतं. स्वतःसाठी वापरायचं काही सुचलं नाही.

आता पुन्हा दिवाळी तोंडावर आली आहे. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून संध्याकाळचं ऊन आत यायला लागलं आहे. उन्हाळाभर ते या खिडकीकडे ढुंकून बघत नाही. गणपती गेले की हळूच डोकावतं, आधी मिक्सरच्या भांड्यावर, मग मसाल्याच्या डब्यावर. त्या डब्याचं झाकण चमकलं की मंजिरी, म्हणजे माझी बायको, भाजणीचं नाव काढते. आणि माझं तोंड आंबट होतं. इतरांना दिवाळी म्हटलं की उटणं आठवतं. मला मत्सर आठवतो. त्यालाही वास असतो. जळक्या सुतळीचा, पहाटेच्या दवात भिजलेल्या लाल कागदाच्या चुऱ्याचा, आणि नुकत्याच दिलेल्या चुन्याचा.

या मत्सराचं नाव मेजर रणजित.

मेजर मूळचा गडहिंग्लजचा, बदलीवर जयपूरच्या छावणीत आलेला. मराठी मंडळींच्या गणपतीत आरतीला भेटला. आरतीनंतर मंजिरीचं कोल्हापुरी बोलणं ऐकून त्याने विचारलं, "कुठली गं तू?" मग तिच्या मामाचं गाव निघालं, त्या गावाशेजारी त्याच्या मावशीचं गाव निघालं, आणि प्रसाद संपायच्या आत तो तिचा दादा झाला होता. मी आपोआप दाजी झालो. मी नाशिकचा. आमच्याकडे नाती अशी उभ्या उभ्या लागत नाहीत, निदान एक चहा तरी होतो.

मीच त्याला आमच्या गच्चीवर नेऊन शनी दाखवला. त्याने दुर्बिणीला डोळा लावला, काढला, दुर्बिणीच्या पुढे जाऊन काचेवर बोट फिरवायला लागला. मी ओरडलो, "अहो, हात नका लावू!" तर म्हणतो, "स्टिकर चिकटवलंय की काय बघत होतो, दाजी. एवढं कोरीव असतंय होय?" मी खूष झालो. शिष्य मिळाला म्हणून पुढचे सगळे शनिवार त्याला शिकवत बसलो. कोणता तारा कुठे, आरसा कसा पुसायचा, सूर्याकडे दुर्बीण वळवताना काय काय झाकायचं.

आणि सहा-आठ महिन्यांत या माणसाने स्वतः दुर्बीण बनवली. नळाच्या जाड पाइपची. तिला ऑलिव्ह हिरवा रंग दिला. माझी दुर्बीण परदेशी, तिच्या पायात संगणक, ती आपली आपण चंद्र शोधते. तरी लोकांना दाखवायला आम्ही दोघं शेजारी उभे राहिलो की गर्दी त्या हिरव्या पाइपकडे. कारण माझ्याकडे माणूस डोळा लावतो तेव्हा मी त्याला चंद्राचं अंतर सांगतो. मेजर विचारतो, "क्या दिखा, बाऊजी?" आणि मग चक्क ऐकत उभा राहतो.

चंद्र केवढासा, सूर्य केवढा. तरी तो सूर्याला झाकतो, कारण तो जवळ असतो. मत्सराचंही तेच आहे. मेजर तिकडे गडहिंग्लजला राहून दुर्बिणी बनवत असता तर मी त्याचं तोंडभर कौतुक केलं असतं. फोन करून केलं असतं.

पण खरं दुखणं गर्दीचं नव्हतंच. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी मंजिरीला माझ्या दुर्बिणीतून गुरू दाखवला होता. जयपूरची थंडी, अंगात शाल, शालीवर शाल. तिने एक डोळा लावला, पापणी काचेला चिकटली, ती म्हणाली, "पांढरा ठिपका आहे. झालं?" आणि खाली गेली. त्यानंतर इतक्या वर्षांत तिने माझ्या दुर्बिणीला पुन्हा डोळा लावला नव्हता. मी सुचवायचो, ती म्हणायची, "उद्या." ग्रहणाची बातमी आली तेव्हा मात्र ती आपणहून म्हणाली, "ग्रहण बघीन तुमच्या दुर्बिणीतून. एकदाच हं." मला वाटलं, बास. सगळा सेक्टर नाही आला तरी चालेल.

म्हणून मी जून महिन्यातच जागा धरून ठेवली.

सेक्टरच्या सामुदायिक भवनाची गच्ची. मध्ये पाण्याची सिमेंटची टाकी, चांगली दोन पुरुष उंच. टाकीच्या उजव्या अंगाला, टाकी आणि पलीकडची उंच इमारत यांच्यामध्ये एक रुंद फट. जूनच्या त्या संध्याकाळी लूच्या झळा नुकत्याच थांबल्या होत्या, आणि सूर्य त्या फटीत असा लाल होऊन उतरला की जणू कुणी माझ्यासाठी खिडकीच सोडली होती. ग्रहण मावळतीलाच होणार होतं. मी लगेच भवनाचे अध्यक्ष गुप्ताजी यांना गाठलं आणि मी उभा होतो त्याच जागी दुर्बिणीसाठी सिमेंटचा खांब बांधायची परवानगी मागितली.

"खंभा?" गुप्ताजी म्हणाले. "किसलिए?"

"विज्ञान के लिए."

"विज्ञान के लिए तो ठीक है. मैं समझा नेतागिरी के लिए."

मिस्त्रीने खांब उभा केला, त्यात बोल्ट पुरले आणि म्हणाला, "भूकंप में भी नहीं हिलेगा, साब." हे वाक्य पुढे माझ्या कानात बराच काळ राहणार होतं.

टाकीची डावी बाजू उरली. तिथे डिशच्या छत्र्या, कपडे वाळत घालायच्या तारा आणि एक मोडकी खुर्ची. मी मेजरला फोन केला, "दादा, ती बाजू तुमच्यासाठी मुद्दाम मोकळी ठेवली आहे." तिकडून मनापासून आवाज आला, "लई उपकार झाले, दाजी." या माणसाचा मला सगळ्यात मोठा राग कशाचा असेल तर हाच. त्याला माझा मत्सर कधी वाटतच नाही. एकतर्फी मत्सर फार थकवणारा असतो. समोरच्याचाही वाटा आपणच उचलावा लागतो.

मग पावसाळा आला. ढगांत कोण गच्चीवर जातं? नंतर रात्री गेलो, पण रात्री मी गुरू-शनी बघायचो. सूर्य कुठे बुडाला याची चौकशी रात्री कुणी करत नाही. मंजिरी एकदा म्हणालीसुद्धा, "ऊन आता ओट्यावर येतंय बघा, पडदा लावला पाहिजे." मी पडदा लावला. ते ऊन मला येऊन सांगत होतं की मी इकडे सरकलोय, आणि मी त्याच्या तोंडावर पडदा ओढला.

ग्रहण नेमकं दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी होतं. त्यामुळे जयपुरात सगळंच घोटाळ्यात. गोवर्धनाची पूजा पुढे ढकललेली, मंदिरांची दारं बंद, हलवायाने मिठाईच्या परातींवर तुळशीची पानं टाकून ठेवलेली. सकाळी सासूबाईंचा कोल्हापूरहून फोन. आवाज एवढा की फोन नसता तरी ऐकू आला असता. "मंजे, ग्रहणात बाहेर पडू नकोस गं. त्यांना म्हणावं, तुम्हीच बघा आणि सांगा." मंजिरीने चिवड्याच्या डब्यात तुळशीचं पान टाकलं, लाडवांच्या डब्यात टाकलं, आईला "होय गं" म्हणाली आणि फोन ठेवून केसात गजरा माळला.

"आई नको म्हणते ना?" मी विचारलं.

"तुम्ही एवढं बोलावताय ते? चला आता, माझं मन फिरायच्या आत."

आईचा शब्द मोडून ती माझ्यासाठी गच्चीवर येत होती. मी दिवाळीचा पांढराशुभ्र कुर्ता घातला, इस्त्री केलेला. विज्ञानाला शोभेल असा.

दुपारी दुर्बीण खांबावर चढवली, बोल्ट गच्च आवळले, पुढच्या काचेवर सूर्यासाठीची काळी गाळणी बसवली. तेव्हा सूर्य वर होता आणि सगळं यथासांग होतं. लोक आले. गुप्ताजी आले, त्यांची बहीण आली, पोराटोरांची फौज आली. सगळे आधी माझ्याकडेच आले, कारण सेक्टरच्या ग्रुपवर मी 'खंभे के पास' असंच लिहिलं होतं. टाकीपलीकडे मेजर एकटाच हिरव्या पाइपपुढे पुठ्ठ्याचा खोका लावत बसला होता. खोक्यातल्या पांढऱ्या कागदावर सूर्याची प्रतिमा पाडायची, म्हणजे कुणाला डोळा लावायला नको. मला त्याची दया आली. फार सुंदर भावना आहे ती. जेमतेम पाच मिनिटं टिकली.

कारण माझ्या चपलेवर सावली आली.

मला वाटलं, ढग. वर पाहिलं तर आभाळ निळं, फटाक्यांच्या धुराने जरा मळकट. सावली चपलेवरून पायजम्यावर आली, पायजम्यावरून खांबावर चढली. टाकीची होती. मी हात लांब करून मूठ धरली. आम्हा आकाशवाल्यांचं हे माप आहे, एक मूठ म्हणजे दहा अंश. माझ्या त्या लाडक्या फटीपासून सूर्यापर्यंत मुठी मोजायला लागलो आणि चौथ्या मुठीला टाकीच्या मागे पोचलो. दक्षिणायन. गुलाबजाम. सगळं एकदम आठवलं.

दुर्बिणीतल्या संगणकाला मात्र सूर्य कुठे आहे हे पक्कं माहीत होतं. त्याने इमानाने नळी फिरवली आणि माझी परदेशी दुर्बीण टाकीकडे तोंड करून उभी राहिली. तेवढ्यात ग्रहण लागायची वेळ झाली, आणि मी काही बोलायच्या आत गुप्ताजींनी डोळा लावला. आत अर्थात मिट्ट काळोख. गुप्ताजी ओरडले, "अरे! यहाँ तो पूरा ग्रहण हो गया!"

गर्दी उसळली. एव्हाना टाकीपलीकडे सरकलेले चार जण धावत परत आले. "पाटणकर जी की मशीन में पूरा दिख रहा है!" एकामागून एक डोळा लावायला लागले आणि "बाप रे" म्हणायला लागले. खोटं कशाला बोलू, मी गप्प राहिलो. मेजरच्या खोक्यात सूर्याला जेमतेम चावा बसला होता आणि माझ्याकडे खग्रास. असा क्षण आयुष्यात पुन्हा यायचा नाही हे मला कळत होतं.

मग मंजिरी पुढे आली. गजरा सावरून वाकली, एक डोळा मिटला आणि तिने दुसरा डोळा माझ्या दुर्बिणीला लावला. इतक्या वर्षांनी. ती बराच वेळ बघत राहिली. गुरूला एवढा वेळ दिला नव्हता. मग डोळा काढला, नळीच्या रोखाने नजर वर वर नेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"अहो, ही टाकी आहे."

लोक जेवढ्या गडबडीने आले होते तेवढ्याच शांतपणे गेले. गुप्ताजी तेवढं म्हणाले, "चलो, धूप उधर है." मला वाटतं जगातली सगळी गर्दी शेवटी याच कारणाने हलते.

मी बोल्ट काढायला गेलो. मिस्त्री खरा माणूस होता, ते हलले नाहीत. टाकीपलीकडून मेजरची हाक आली, "दाजी, इकडं या की! ऐसपैस जागा आहे!" ती जागा मीच दिलेली. मी म्हणालो, "नको, इथंच बरं आहे. येईल आता सूर्य." आणि हे अगदीच खोटं नव्हतं. सूर्य मावळताना सरळ खाली जात नाही, जरा उजवीकडे सरकत उतरतो. टाकीच्या उजव्या कडेने तो बाहेर पडला, तर शेवटची काही मिनिटं मला मिळणार होती. त्या आशेवर मी सावलीत उभा राहिलो, परक्या मांडवात नवरा उभा असावा तसा. वारा गार झाला होता. कुठेतरी उरलेली लवंगी माळ तडतडत होती.

आणि पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. ऐकू येणं हा मत्सराचा फार वाईट भाग आहे. दिसलं तर तोंड फिरवता येतं. मेजर सगळ्यांना बजावत होता, "ऊपर नहीं देखना, कागज़ पर देखना." इथली ती गोल जाळीदार मिठाई आठवून कुणीतरी म्हणालं, "जैसे किसी ने घेवर तोड़ा हो." हशा. खोका लहान आणि माणसं फार, म्हणून तो मंजिरीला म्हणाला, "ताई, घरात चाळण असंल बघ. भोकाभोकातून एक एक सूर्य पडतोय भिंतीवर."

"चाळण कशाला?" मंजिरी म्हणाली. "थांब."

ती माझ्यासमोरून तरातरा खाली उतरून घरी गेली. वर आली तेव्हा तिच्या हातात आमच्या सोऱ्याची शेवेची चकती होती. तेलकट, एका भोकात कालच्या शेवेचा तुकडा अडकलेला. आमच्या घरातली चकती! तिने ती उन्हात धरली आणि जिन्याच्या खोलीच्या भिंतीवर, दिवाळीसाठी नुकत्याच चुना दिलेल्या त्या भिंतीवर, चंद्रकोरींचा सडा पडला. बारीक, सगळ्या एकाच बाजूला कललेल्या. पोरं किंचाळली. गुप्ताजींची बहीण म्हणाली, "हाय राम, इतने सारे!" आणि मंजिरी हसली. मला ते हसणं ओळखीचं होतं. ते लग्नाच्या अल्बममध्ये आहे.

"अगं, हात थोडा मागं घे," मेजर म्हणाला. तिने घेतला. कोरी मोठ्या झाल्या. "आता पुढं." लहान झाल्या. "दादा, हे कसं होतंय रे?" तिने विचारलं.

मला कधीच विचारलं नव्हतं, हे कसं होतं. मी न विचारताच सांगायचो.

मेजरची पुढे बदली झाली. आता भाऊबीजेला मंजिरी फोनच्या पडद्याला ओवाळते आणि तो पलीकडून ओरडतो, "दाजी, सूर्य आहे ना जागेवर?" खांब अजून गच्चीवर आहे. पोरं त्याला स्टंप करतात. दिवाळीत मंजिरी त्याच्यावर पणती ठेवते. वाऱ्याला टाकीचा आडोसा आहे, पणती विझत नाही. म्हणजे जागा अगदीच वाईट निवडली नव्हती. आणि शेवेची चकती ती आता धुऊन, पुसून, वेगळ्या डब्यात ठेवते. माझ्या भिंगांना ती कधी असा डबा देत नाही.

हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी सूर्य टाकीच्या उजव्या कडेने काही बाहेर आला नाही. टाकीची कड सोनेरी झाली, मग तांबूस, आणि माझ्या लक्षात आलं की तो ग्रहणासकट मावळणार, मला न भेटताच. तेव्हा मी निघालो. बघायला म्हणून नाही, असं स्वतःला बजावत. जरा तांत्रिक पाहणी करायला. पाठीमागे हात बांधून टाकीला वळसा घातला आणि एकदम उन्हात आलो. पुढे माणसांचा घोळका, सगळ्यांची तोंडं भिंतीकडे. मंजिरी चकती धरून उभी. मेजर बाजूला.

घोळक्याला वळसा घालून मी भिंतीपाशी गेलो आणि लोकांकडे तोंड करून उभा राहिलो. लाल ऊन थेट डोळ्यांत आलं, मी ते मिटून घेतले. पण मिटायच्या आधी मला दिसलं होतं: सगळा सेक्टर माझ्याकडे बघत होता. गुप्ताजी, त्यांची बहीण, पोरं. मंजिरीसुद्धा, टक लावून, ओठ जरा उघडे ठेवून. इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. माझा सगळा आंबटपणा उतरला. मला वाटलं, शेवटी जाणकार तो जाणकार. मी घसा साफ केला.

"मित्रों," मी म्हणालो, "यह जो आप देख रहे हैं…"

पोरं खिदळली. मी डोळे किलकिले करून खाली पाहिलं. माझ्या पांढऱ्याशुभ्र कुर्त्यावर, छातीपासून पोटापर्यंत, चंद्रकोरीच चंद्रकोरी थरथरत होत्या, मावळतीच्या रंगाच्या. मी बघतच राहिलो. माझं ग्रहण मला मिळालं होतं. मी हात पसरले, जरा डुललोही असेन.

"अहो," मंजिरी ओरडली, "सरका की तिथून! तुम्हाला कोण बघतंय? भिंत बघतोय आम्ही!"